कळल्याची तारीख

"हे पहिल्यांदा कधी लक्षात आलं तुमच्या?" नर्सनं कागदावरून मान वर न करता विचारलं, आणि आर्डिस टॉलिव्हर पटकन बोलून गेली, "झाले असतील दोन आठवडे." बोलल्याबरोबर तिला चुकल्यासारखं झालं. पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि खाली सपाट जमीनच निघावी, तसं. कारण हे साफ खोटं होतं. डाव्या काखेखालची ती गाठ तिच्या हाताला लागली होती ईस्टरच्या रविवारी, चर्चला जाण्यासाठी ती घाईनं आंघोळ करत असताना, आणि आता वॉशिंग्टनचा जुलै खिडकीच्या काचेवर घाम फोडत होता. नर्सनं 'दोन आठवडे' असं लिहून घेतलं. सही मागितली. आर्डिसनं सही केली. मग डॉक्टरीणबाई आल्या, थंड बोटांनी त्यांनी ती जागा चाचपली, कागद पाहिला आणि जराशा हसल्या. "दोन आठवडे असं सगळ्याच म्हणतात," त्या म्हणाल्या. "मी धरत नाही ते. ही गाठ तीन-चार महिन्यांची तरी आहे. पुढच्या गुरुवारी सुई घालून तुकडा काढू. तोवर उगाच काही मनात आणू नका." बस, इतकंच. ना दटावणी, ना उलटा प्रश्न. आर्डिस ब्लाउजची बटणं लावत आरशासमोर उभी राहिली तेव्हा तिला लाज वाटत होती ती खोटं बोलल्याची नव्हती. ते खोटं इतकं सहज माफ झालं, याची होती. आयुष्याची सव्वीस वर्षं तिनं हाच एक प्रश्न परक्या माणसांना विचारण्यात घालवली होती, आणि तिनं त्याचं खोटं उत्तर कोणालाच माफ केलं नव्हतं.

ती सरकारी वकील होती. कुणाच्या विहिरीत, कुणाच्या अंगणात, कुणाच्या फुप्फुसांत सरकारच्या हातून काही विषारी गेलं आणि त्या माणसांनी सरकारवर दावा लावला, की सरकारच्या बाजूनं उभं राहणाऱ्या वकिलांत ती होती. लोकांना वाटतं, सरकारी वकील म्हणजे चोर-दरोडेखोरांना तुरुंगात धाडणारा. पार्ट्यांत कुणी विचारलं तर आर्डिस म्हणायची, "मी पाण्याचे खटले बघते," आणि समोरचा खूश होऊन म्हणायचा, "वा, म्हणजे पाणी घाण करणाऱ्यांना धडा शिकवता." ती हातातल्या ग्लासकडे बघत राहायची. अशा दाव्यांत कायद्याची एक छोटीशी खिट्टी आहे. दुखणं कशानं झालं हे ज्या दिवशी माणसाला कळलं, त्या दिवसापासून दोन वर्षं. दोन वर्षांत दावा मांडला तर ठीक, नाहीतर दार बंद, मग तुमचं म्हणणं शंभर नंबरी खरं असलं तरी. त्यामुळे खटला पाण्यावर चालतच नाही पुष्कळदा. तो चालतो एका तारखेवर. आणि ती तारीख माणसाच्या तोंडून, त्याला पत्ता न लागता काढून घेण्यात आर्डिस टॉलिव्हरचा हात धरणारं खात्यात कुणी नव्हतं.

दवाखान्यापासून कचेरीपर्यंत ती चालत निघाली. कोपऱ्यावरच्या गाडीवर सॉसेज भाजण्याचा धूर होता, भुयारी गाडीच्या जिन्यातून गार, धातूच्या वासाची हवा वर येत होती, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली माणसं घोळक्याघोळक्यानं जेवायला निघाली होती. आज संध्याकाळी पाच वाजेपर्यंत तिला एका अर्जावर सही करायची होती. व्हर्लीन स्टोकली विरुद्ध सरकार. 'वादीचा दावा मुदतबाह्य असल्याने फेटाळण्यात यावा.' अर्ज तिनंच सांगून लिहून घेतला होता, अकरा पानांचा, सुबक, कुठे फट नसलेला. एरवी अशा दिवशी तिच्या पावलांना एक ठेका असायचा. आज मात्र काखेखालची ती जागा प्रत्येक पावलाला 'मी आहे' म्हणत होती, आणि आर्डिस स्वतःशीच उलटतपासणी घेतल्यासारखी विचारत होती: बाई, ईस्टरच्या रविवारी तुम्हाला कळलं, हे खरं ना? हो. हाताला लागलं, हे खरं. पण कळलं? हात साबणाचा होता. मी हात दुसरीकडे नेला. चर्चमध्ये मोठ्यानं गायले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथे हात गेला तेव्हा मनाशी म्हटलं, काल बघितलंय की आपण, काही नाही ते. असं मी शंभर वेळा बघितलं आणि शंभर वेळा बघितलं नाही. यातल्या कुठल्या दिवसावर बोट ठेवायचं?

मार्ल क्रीक नावाच्या दक्षिणेतल्या लष्करी तळावर व्हर्लीनचा नवरा डेल्बर्ट सात वर्षं गाड्या दुरुस्त करत होता. तळावरच्या घरांना ज्या विहिरींचं पाणी यायचं त्यांत यंत्रं धुण्याचं आणि ड्रायक्लीनिंगचं रसायन झिरपत होतं, हे पुढे सगळ्यांनाच कळलं. डेल्बर्ट मूत्रपिंडाच्या कर्करोगानं गेला. तो गेल्यावर तीन वर्षांनी सरकारचं पत्र आलं की, तुम्ही त्या काळात तिथे राहत असाल तर ते पाणी बरं नव्हतं. पत्र आल्यापासून वर्षाच्या आत व्हर्लीननं दावा लावला. पत्रापासून मोजलं तर ती मुदतीत होती. त्याआधी तिला कळलं होतं असं निघालं, तर नव्हती. आर्डिस तिची जबानी घ्यायला गेली ती गेल्या ऑक्टोबरात, त्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या मागच्या खोलीत. व्हर्लीन चौऱ्याहत्तर वर्षांची, चर्चचे कपडे घातलेली, मांडीवर पर्स घट्ट धरून बसलेली. शेजारी तिचा वकील हार्लन बॉगेस. अशी साठ-सत्तर अशिलं एकदम सांभाळणारा, दमलेला, डोळे मिटून ऐकणारा माणूस. आर्डिसनं पाण्याचं नावही काढलं नाही. ती कधीच काढत नसे. बाकीचे वकील पहिल्या दहा मिनिटांत विचारायचे, दिवसाला किती ग्लास पाणी प्यायचात, आणि समोरची बाई लगेच सावध व्हायची. आर्डिस विचारायची, तुमचं स्वयंपाकघर कसं होतं हो? खिडकी कुठे होती? खात्यातली मंडळी याला 'आर्डिसचं स्वयंपाकघर' म्हणत, नव्या वकिलांना ते शिकायला बसवत. आणि व्हर्लीन हळूहळू त्या स्वयंपाकघरात गेली. बिडाचा तवा, जो तिच्या आईचा होता. रविवारी तासभर रटरटणारा घेवडा, वाफेनं ओल्या झालेल्या भिंती, गोड चहाचं मोठं पातेलं. पर्स मांडीवरून टेबलावर आली. 'वकीलबाई' म्हणणारी व्हर्लीन कधीतरी 'अगं पोरी' म्हणू लागली. आर्डिस बासष्ट वर्षांची होती. तिला 'पोरी' म्हणणारं आता कोण उरलं होतं?

"थँक्सगिव्हिंगच्या सणाला कोण कोण असायचं घरी?" तिनं विचारलं होतं.

"सगळी. डेल्बर्ट गेला त्या वर्षी मात्र मी आणि माझी बहीण, जुनी तिचं नाव, दोघीच. टर्की कुठली भाजतोय, कोंबडीच केली."

"त्या दिवशी जड गेलं असेल."

"जड म्हणजे काय. भांडी घासता घासता मी जुनीला म्हटलं, जुनी, त्या तळावरच्या पाण्यानंच खाल्लं बघ माझ्या माणसाला."

लघुलेखिकेची बोटं टपटपली आणि थांबली. चौऱ्याऐंशीवं पान. बॉगेसनं डोळे उघडले नाहीत. त्या एका वाक्यात व्हर्लीन स्टोकलीचा दावा मेला होता, आणि तिला ते कळलेलं नव्हतं; ती आर्डिसकडे प्रेमानं बघत होती. अशा वेळी करायचं काय, हे या धंद्यातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल: उत्तर मिळालं की थांबायचं. विषय बदलायचा. एक प्रश्न जास्त विचारलास की मेलास. आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच आर्डिसनं तो एक जास्तीचा प्रश्न विचारला. का विचारला, ते तिला अजून सांगता आलं नसतं. खोलीत ती भांडी, तो ओला ओटा, त्या दोन बहिणी खरोखरच उभ्या होत्या, आणि तिला आपलं पुढचं ऐकायचं होतं. ती म्हणाली, "मग जुनी काय म्हणाली?"

कचेरीत येऊन तिनं दार लावून घेतलं. टेबलावर अर्ज होता, त्याखाली जबानीची बाडं. ती उघडायच्या आधीच तिच्या नाकाशी एक वास आला, आणि तो त्या खोलीतला नव्हता. डरॅममध्ये तिची आई, मिसेस युलेलिया टॉलिव्हर, एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात कामाला होती, आर्डिस बालवाडीत असल्यापासून ती वकील होईपर्यंत. संध्याकाळी आई बसमधून उतरली की आर्डिस धावत जाऊन तिच्या पोटाला बिलगायची, आणि आईच्या झग्याला, केसांना, हातांना तो वास असायचा. गोडसर, थंड, किंचित डोकं हलकं करणारा. इतर मुलांच्या आयांना कांद्याचा, साबणाचा वास यायचा. माझ्या आईला स्वच्छतेचा वास येतो, असं ती शाळेत ऐटीत सांगायची. आई यकृताच्या दुखण्यानं गेली, एकसष्टाव्या वर्षी. तोपर्यंत आर्डिस खात्यात येऊन चार वर्षं झाली होती. त्याच रसायनावरचे जाडजूड अहवाल ती रोज वाचत होती, ते कुठल्या अवयवाला काय करतं याची कोष्टकं तिला तोंडपाठ होती, आणि सरकारी तज्ज्ञांकडून 'निश्चित काही सांगता येत नाही' हे वाक्य कसं वदवून घ्यायचं ते ती शिकत होती. दिवसा अहवाल आणि संध्याकाळी इस्पितळात आईचा पिवळा पडलेला हात. मध्ये फक्त एक बसचा प्रवास. त्या प्रवासात तिनं या दोन गोष्टी एकदाही शेजारी ठेवल्या नाहीत. आई गेल्यावर अकरा वर्षांनी, एका खटल्यात एक तज्ज्ञ म्हातारा सांगत होता, 'वास गोडसर असतो, कामगारांच्या केसांत राहतो,' तेव्हा तिनं न्यायाधीशांकडे पाच मिनिटांची सुटी मागितली आणि बाहेर जाऊन भिंतीला डोकं टेकवून उभी राहिली. मग परत येऊन त्या म्हाताऱ्याची उलटतपासणी पुरी केली. चांगली केली. त्या दिवशी जर कुणी तिला जबानीला बसवून विचारलं असतं, टॉलिव्हरबाई, तुम्हाला कधी कळलं, तर तिनं काय सांगितलं असतं? आजच, म्हणाली असती. आणि समोरच्यानं शांतपणे तिच्याच हस्ताक्षरातली पंधरा वर्षांपूर्वीची टिपणं पुढे सरकवली असती. दोन्ही खरं होतं. कायद्याला मात्र एकच तारीख लागते.

तिनं शहाऐंशीवं पान उघडलं. व्हर्लीन सांगत होती: "जुनी म्हणाली, नुसतं म्हणून काय होतंय, जाऊन विचार त्यांना. मग मी चाळीस मैल गाडी हाकत तळावर गेले. चर्चच्या पत्रकाच्या मागे प्रश्न लिहून नेले होते, ऐन वेळी विसरायला नको म्हणून. तिथे गणवेशातला एक डॉक्टर होता, पोरगेलासा, फार सभ्य. त्यानं मला बसवलं, कॉफी दिली. म्हणाला, बाई, पाणी तपासलंय, आम्ही सगळे तेच पितो, माझी मुलंसुद्धा. तुमचं दुःख मी समजू शकतो, पण तसं काही नाही. मला इतकी शरम वाटली. सरकारनं डेल्बर्टला पेन्शन दिली, दफनाच्या वेळी झेंडा दिला, आणि मी त्यांच्यावर आळ घेत होते. घरी येऊन मी जुनीची माफी मागितली. म्हटलं, पुन्हा असलं बोलायचं नाही या घरात."

अर्जात चौऱ्याऐंशीवं पान होतं. शहाऐंशीवं नव्हतं. ते आर्डिसनंच गाळलं होतं, फेब्रुवारीत, एका सकाळी, कॉफी पिता पिता, फारसा विचार न करता, जसा सुरी चालवणारा हात हाडाच्या बाजूनं आपसूक वळतो. आता ती ते वाचत बसली. मग दोन्ही पानं घेऊन उठली आणि विभागप्रमुखाच्या खोलीत गेली.

मर्व्हिन झेलर तिच्याहून चार वर्षांनी लहान होता, ती खात्यात आली तेव्हा तिच्याच टेबलासमोर बसायचा. तो डब्यातलं कलिंगड खात होता. "केलीस सही?"

"नाही. हे वाच."

त्यानं वाचलं. दोनदा वाचलं. कलिंगडाची बी ओठावरून काढून डब्यात टाकली. "हे त्यांच्याकडेही आहे, आर्डिस. जबानीची प्रत बॉगेसला गेली आहे."

"बॉगेस वाचणार नाही. तो झोपला होता."

"ती त्याची चूक झाली. आपली नाही. त्याच्या अशिलाची बाजू मांडायचा पगार आपल्याला मिळत नाही."

"मर्व्हिन, तिला शंका आली. तिनं येऊन आपल्यालाच विचारलं. आपण तिला कॉफी पाजून सांगितलं, तसं काही नाही, घरी जा. ती आपल्यावर विश्वास ठेवून घरी गेली. आणि आता आपण न्यायाधीशांना सांगायचं की, महाराज, हिला तर केव्हाचं कळलं होतं."

मर्व्हिननं दोन्ही पानं जुळवून तिच्याकडे सरकवली. तो वाईट माणूस नव्हता. त्याची बायको शाळेत शिकवायची आणि उन्हाळ्यात दोघं मिळून टोमॅटोचं लोणचं घालून सगळ्या विभागाला वाटायची. "एक प्रश्न जास्त विचारलास तू," तो म्हणाला. "तू. नव्या पोरांना कुठल्या तोंडानं सांगू मी?"

"सांग, म्हातारी झाली."

"पान जोडून अर्ज करायचा, तर आपणच आपल्या पायावर धोंडा मारून घेण्यासारखं होईल. तेवढी अक्कल आहे मला." त्यानं डबा बंद केला. "आणि अर्जच केला नाही, तर पुरा खटला चालवावा लागेल. ऑगस्टात. त्या गावात. तीन आठवडे. आणि हे सोडून देणं माझ्या एकट्याच्या हातात नाही, वर पटवावं लागेल. पटवीन मी. पण चालवायचा तू. दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मी हे बांधणार नाही."

"मीच चालवीन."

"प्रकृती ठीक आहे ना तुझी? चेहरा उतरलाय."

गुरुवार तिच्या ओठांपर्यंत आला. "उकाडा आहे," ती म्हणाली. दारापर्यंत गेली आणि मागे वळली. "नाही, उकाडा नाही. काखेत गाठ आहे. गुरुवारी तुकडा काढणार आहेत. ऑगस्टात मी उभी राहू शकले नाही तर तारीख वाढवून माग, पण माझ्याऐवजी कुणाला पाठवू नकोस."

मर्व्हिन उठून उभा राहिला. "लोणच्याची बरणी ठेवलीय तुझ्यासाठी," तो म्हणाला, आणि स्वतःच्याच बोलण्यानं कानकोंडा झाला.

साडेचारला त्यानं फोन करून कळवलं की वरून होकार आला आहे, कुरकुरत का होईना. आर्डिसनं अर्जाची अकरा पानं एका पाकिटात घालून ते मागच्या कपाटात ठेवलं, फाडलं नाही. ती कधीच काही फाडत नसे. मग तिनं बॉगेसला फोन लावला.

"हार्लन, मुदतीचा अर्ज आम्ही करत नाही. खटल्याच्या तयारीला लाग."

पलीकडे पंखा घरघरत होता. "आर्डिस, इतक्या वर्षांत फोन करून तू मला एकदाही चांगली बातमी दिलेली नाहीस. यात मेख काय आहे?"

"मेख अशी की आता मला तुझ्या अशिलाला सगळं भर कोर्टात विचारावं लागेल. आणि मी विचारणार आहे. आणि तू जागा राहा."

"मी डोळे मिटून ऐकतो, झोपत नाही."

"मग शहाऐंशीवं पान डोळे उघडून वाच."

कागद चाळल्याचा आवाज आला. बॉगेसनं घसा खाकरला. आभार मानायचे की संशय घ्यायचा, हे त्याचं ठरत नसावं. "ती विचारत असते तुला," तो म्हणाला. "दर वेळी फोन केला की विचारते, ती माझं स्वयंपाकघर विचारणारी बाई येणार आहे का. मी सांगितलं, येईल ती, पण आपल्या बाजूची नव्हे. तर म्हणते, असू दे, गोड बाई आहे."

आर्डिसनं फोन ठेवला. खाली रस्त्यावर कचेऱ्या सुटत होत्या. बसथांब्यावर बायका उंच टाचांचे जोडे पिशव्यांत टाकून साधे जोडे पायांत चढवत होत्या. सरकारची बाजू अजून भक्कम होती, आणि ती तिला तोंडपाठ होती. माणसाला मूत्रपिंडाचा कर्करोग शंभर कारणांनी होतो आणि त्यातलं एक कारण डेल्बर्ट स्टोकलीच्या सदऱ्याच्या खिशात चाळीस वर्षं असायचं. खटला चालला तर ती बहुधा जिंकणार होती. व्हर्लीन चर्चचे कपडे घालून साक्षीच्या पिंजऱ्यात बसेल, ओळखीचं हसेल, आणि या वेळी आर्डिस तवा विचारणार नाही, खिडकी विचारणार नाही, पहिल्याच प्रश्नाला ते हसू उतरेल. तसं ते उतरू द्यायचं होतं तिला. बाईला निदान दिसायला तरी हवं, आपल्यासमोर कोण उभं आहे ते.

तिनं पिवळ्या कागदांची वही पुढे ओढली. उलटतपासणीचे प्रश्न ती नेहमी एकाखाली एक, दाटीनं लिहायची. उत्तरासाठी कधी जागा सोडत नसे, कारण उत्तर तिला आधीच ठाऊक असायचं. हेही ठाऊक होतं. व्हर्लीननंच हसत हसत सांगितलं होतं त्या वाचनालयात, न्याहारीच्या गोष्टी सांगताना. आर्डिसनं लिहिलं: 'सकाळी उठल्यावर, कॉफी व्हायच्याही आधी, तुमचे यजमान किती सिगारेटी ओढत?' मग खाली चार ओळी कोऱ्या सोडल्या आणि दुसरा प्रश्न लिहायला घेतला.